परीक्षकाचीही परीक्षा

रत्नागिरीत वाचल्या जाणाऱ्या कुठल्याही स्थानिक दैनिकाचे आतले पान उघडा. एखाद्या मंडळाची नवी कार्यकारिणी, एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलन आणि त्यांच्या आसपास एक फोटो हमखास सापडतो. पांढऱ्या गणवेशातली पंधरा-वीस मुले, पुढची रांग मांडी घालून, मागची उभी. मध्ये सर, सरांच्या शेजारी मुख्याध्यापक नाहीतर नगरसेवक. मथळा ठरलेला, ‘बेल्ट परीक्षेत सुयश’. खाली यलो, ग्रीन, ब्लू, रेड अशी चढत्या क्रमाने नावे आणि शेवटी एखाद-दोन नावे ब्लॅक बेल्टची, म्हणजे डॅन या वरच्या श्रेणीतल्या पहिल्या पायरीची, फर्स्ट डॅनची. या शेवटच्या नावांचे पुढे काय होते ते त्या पानावर सहसा येत नाही. सेकंड डॅन कोणी केला, थर्ड डॅनपर्यंत कोण टिकले, दहावीच्या वर्षी कोणी गणवेश कपाटात ठेवला आणि तो तिथेच राहिला, याची बातमी होत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय नेमका हा आहे. लाथ कशी मारावी, ठोसा कसा अडवावा याची सचित्र पुस्तके एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर मी पुष्कळ चाळली आहेत. पदवी म्हणजे काय, ती कोण देतो, कशाच्या जोरावर देतो आणि मिळाल्यावर माणसाने काय करायचे असते, हे प्रश्न त्यांत कधी दिसले नाहीत.

लेखक गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावरच्या गावांत मुलांना तायक्वांदो शिकवतात. त्यांच्या क्लासचे वेळापत्रक कोकणच्या पंचांगावर चालते. पावसाळ्यात शाळेचा हॉल, गणपतीत शुकशुकाट, दिवाळीनंतर किनारा, शिमग्यात पुन्हा सुट्टी आणि मे महिन्यात मुंबईहून आलेल्या भाचे-पुतण्यांची गर्दी. थंडीत ते मुलांना आरे-वारेच्या वाळूत उतरवतात. डोंगराची एक सोंड समुद्रात शिरून इथले दोन किनारे वेगळे करते, रस्ता त्या सोंडेवरून वळसा घेत जातो आणि पर्यटक फोटोसाठी जिथे गाड्या थांबवतात तिथून खाली ही मुले दिसतात. वरून पाहणाऱ्याला ते दृश्य मोठे रम्य वाटते. खाली उतरलेल्याला कळते की वाळू कोणाची भीडभाड ठेवत नाही. गोल लाथ मारताना टेकलेला पाय चवड्यावर फिरावा लागतो. मॅटवर तो सहज फिरतो, वाळूत रुततो आणि सगळा पीळ गुडघ्यात येतो. कंबर न वळवता नुसता पाय उडवणाऱ्या मुलाचे बिंग तिथे पहिल्या पाच मिनिटांत फुटते, मग त्याच्या कमरेला कोणत्याही रंगाचा पट्टा असो. (पावसाळ्यात मात्र इथला समुद्र जीवघेणा असतो. पुस्तक वाचून कोणी जूनमध्ये सराव करायला उतरू नये.)

मी स्वतः कबड्डीच्या मैदानावर वाढलेला माणूस. बेल्ट कधी बांधला नाही. लेखकाने प्रस्तावनेसाठी माझ्याकडे यावे याचे कारण बहुधा तेच असावे. त्यांना आतल्या माणसाची शिफारस नको होती, बाहेरच्याची शंका हवी होती. माझी शंका साधी होती: कुस्तीत, कबड्डीत जिंकणारा मोठा ठरतो, मग या खेळांत माणूस परीक्षा देऊन मोठा कसा ठरतो?

त्याचे उत्तर शोधायला तोक्योपर्यंत मागे जावे लागते. क्लासमधल्या मुलाला विचारा, तो सांगेल की ब्लॅक बेल्ट हजारो वर्षांचा आहे. आणखी एक कथा सगळीकडे ऐकू येते. पूर्वी म्हणे पट्टा धुवायचा नाही अशी रीत होती. घामाने, मातीने मळत मळत पांढरा पट्टा वर्षानुवर्षांनी काळा झाला. कथा छान आहे, पण तिला आधार नाही. ब्लॅक बेल्ट दीडशे वर्षांच्या आतला आहे आणि तो एका शाळामास्तराच्या डोक्यातून निघाला आहे. जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिराच्या जागेत कोदोकान ही आपली व्यायामशाळा काढली आणि जुन्या जुजुत्सूच्या डावपेचांतून ज्यूदो घडवला. पुढच्याच वर्षी शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोन शिष्यांना त्यांनी पहिला डॅन दिला. डॅन मिळालेल्यांनी काळा पट्टा बांधायचा ही पद्धत आणखी तीन-चार वर्षांनी आली. त्याआधीच्या जपानी घराण्यांत गुरू शिष्याला विद्येचा परवाना म्हणून गुंडाळी देत असे. पायऱ्या मोजक्या आणि त्यांच्यामधली वर्षे फार. कानोंनी पायऱ्या वाढवल्या. डॅनची श्रेणी त्यांनी ‘गो’ या पटावरच्या खेळातून उचलली. तिथे ती होनइन्बो दोसाकु या खेळाडूने सतराव्या शतकात बसवली होती. पुढे कानो तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे वीसहून अधिक वर्षे प्रमुख होते, आणि १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर गेलेले ते आशियातले पहिले सदस्य. हा माणूस मूळचा शिक्षक होता. इयत्ता, परीक्षा, प्रगतिपुस्तक ही त्याची भाषा होती आणि तीच त्याने आखाड्यात आणली.

आपल्या तालमीत ती कधी आली नाही. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद असतो, लाल माती असते, पण मल्लाची पत ठरवणारा कागद नसतो. खासबागेच्या मैदानात त्याने कोणाला अस्मान दाखवले, एवढेच लोक विचारतात. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची कुस्ती होते, ती गदाही लढूनच मिळवावी लागते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणले तेव्हा त्यांची श्रेणी कोणती हे विचारायचे कोणाच्या मनातही आले नाही. लाठी, दांडपट्टा खेळणाऱ्या मर्दानी खेळाच्या पथकांतही तेच. कोणाच्या हातात पट्टा द्यायचा आणि कोणाला अजून लाठीवरच ठेवायचे, हे वस्ताद ठरवतात. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी काढलेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश चाळला तर मल्लविद्येचे, मल्लखांबाचे, शस्त्रांचे केवढे भांडार आपल्याकडे होते ते कळते. रंगीत पट्ट्यांची शिडी मात्र आपल्या परंपरेत नाही.

मैदानाची रीत प्रामाणिक आहे, आणि निर्दयही. जो जिंकत नाही त्याला तिथे जागा नाही. नऊ वर्षांची मुलगी, चाळिशीनंतर व्यायाम सुरू करणारी गृहिणी, दम्याने हैराण झालेला मुलगा यांनी कोणत्या दंगलीत उतरायचे? परीक्षेची रीत त्यांना दार उघडते. समोरच्याला हरवण्याआधी आपण सहा महिन्यांपूर्वी जिथे होतो तिथून पुढे सरकलो का, एवढे तिथे पाहिले जाते. कानोंचे मोठेपण यात आहे. आणि त्यांनी झुंज काढून टाकली नव्हती, हे विसरता कामा नये. कोदोकानात १८८४ पासून लाल आणि पांढरा अशा दोन गटांची स्पर्धा होते. तिथे एकामागून एक प्रतिस्पर्धी पाडणाऱ्याला जागच्या जागी बढती मिळू शकते. परीक्षा आणि झुंज या दोन्ही काठ्या त्यांनी हातात ठेवल्या होत्या. पुढच्या शंभर वर्षांत पुष्कळ ठिकाणी झुंजीची काठी गळून पडली आणि परीक्षेचीच उरली. आज ब्लॅक बेल्टविषयी ज्या तक्रारी होतात त्यांतल्या बऱ्याच इथे सुरू होतात, असे माझे मत हे पुस्तक वाचून झाले आहे.

कराटेत पट्टा उसना आला. ओकिनावा बेटांवर ही विद्या घराच्या अंगणात, मोजक्या शिष्यांना शिकवली जाई, तिला ना गणवेश होता ना श्रेणी. गिचिन फुनाकोशी १९२२ साली ती घेऊन तोक्योला आले, कानोंनी त्यांना कोदोकानात प्रात्यक्षिकासाठी बोलावले, आणि १९२४ मध्ये फुनाकोशींनी आपल्या सात शिष्यांना पहिला डॅन दिला. त्याच सुमारास क्योतोतली, १८९५ मध्ये स्थापन झालेली बुतोकुकाई ही संस्था सगळ्या युद्धकलांना एका शिस्तीत बसवत होती. तिची मान्यता हवी तर घराण्याला नाव हवे, गणवेश हवा, श्रेणी हवी. त्या दडपणाखाली आज आपण जी नावे ऐकतो ती पक्की झाली: फुनाकोशींच्या शिष्यांचे शोतोकान, चोजुन मियागींचे गोजु-र्यू, केनवा माबुनींचे शितो-र्यू, हिरोनोरी ओत्सुकांचे वादो-र्यू. युद्धानंतर जन्माने कोरियन असलेल्या मासुतात्सु ओयामांनी क्योकुशिन काढले आणि तिथे अंगावर फटके घेत लढण्याला मान परत मिळवून दिला. गंमत अशी की ज्यांनी ही पदवी पसरवली ती माणसे तिच्याबाबत हात आखडता घेणारी होती. फुनाकोशींनी पाचव्या डॅनच्या वर कोणाला नेले नाही. मियागी डॅन वाटायला अखेरपर्यंत नाखूश होते. आज गल्लीबोळांत आठवे, नववे, दहावे डॅन भेटतात, ते पाहून या दोघांना काय वाटले असते कोण जाणे.

केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, वेगळ्याच वाटेने गेली. तिथे डॅन आहेत, पण दिसणारा पट्टा नाही. आठव्या डॅनच्या परीक्षेला बसायला वयाची ४६ वर्षे पूर्ण हवीत, सातव्या डॅननंतर दहा वर्षे गेलेली हवीत, आणि उत्तीर्ण होणारे शंभरात जेमतेम एक. जगातली ही बहुधा सर्वांत अवघड श्रेणी कमरेला दिसतही नाही. उलट यलो, ग्रीन, ब्लू हे रंगांचे इंद्रधनुष्य युरोपने दिले. तिथल्या हौशी विद्यार्थ्यांना दर काही महिन्यांनी काहीतरी दिसणारे हवे होते; पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशींनी १९३०च्या दशकात रंगीत पट्टे रूढ केले आणि तेच पुढे जगभर गेले. ब्राझीलमध्ये ज्यूदोच्याच मुळातून निघालेल्या जिउ-जित्सूने पायऱ्या पुन्हा कमी केल्या. निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा, एवढेच. तिथे काळ्यापर्यंत पोचायला दहा वर्षे लागणे नवलाचे मानत नाहीत, कारण रोज मॅटवर कोण कोणाला धरून ठेवतो हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते.

आपल्या भागातल्या वाचकाला सर्वांत जवळची शाखा कोरियाची. कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता. जपानात शिकायला गेलेले तरुण कराटे शिकून परतले. १९४४ मध्ये सोलमध्ये चुंग दो क्वान काढणारे वन कुक ली हे फुनाकोशींचेच विद्यार्थी. १९५५ साली जनरल चोई होंग ही यांच्या पुढाकाराने तायक्वांदो हे नाव ठरले, १९६६ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय महासंघ काढला, मग राजकारण झाले आणि चोई देश सोडून गेले. सोलमध्ये १९७२ साली कुक्कीवान हे तायक्वांदोचे मुख्य केंद्र उभे राहिले, १९७३ मध्ये दुसरा जागतिक महासंघ निघाला. तेव्हापासून या खेळाची दोन घरे आहेत आणि दोघांचे पूमसे किंवा पॅटर्न, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, वेगळे, प्रमाणपत्रे वेगळी. ऑलिम्पिकच्या वाटेवर असलेले घर कुक्कीवानचे. २००० सालच्या सिडनीपासून तिथे पदके मिळतात. म्हणजे आरे-वारेच्या वाळूत उभ्या असलेल्या मुलीच्या कमरेचा पट्टा कानोंकडून फुनाकोशींकडे, तिथून कोरियाला आणि मग कोकणात असा फिरत आला आहे. मधल्या प्रत्येक मुक्कामावर त्याच्या अटी बदलल्या.

भारतात तायक्वांदो जिमी जगतियानी यांनी १९७५ साली आणला असे मानले जाते. मुंबईत परवेझ मिस्त्री यांनी कराटेच्या कित्येक पिढ्या घडवल्या. ज्यूदोत मुंबईचे कावस बिलिमोरिया १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपर्यंत गेले. पण जिल्ह्याच्या गावांत ही लाट आणली ती ब्रूस लीच्या चित्रपटांनी, आणि नंतर व्हिडिओ कॅसेटींनी. ब्रूस लीकडे कराटेचा ब्लॅक बेल्ट नव्हता, हे त्या लाटेत कोणाच्या गावीही नव्हते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी कोल्हापूरच्या तालमींसारखी दाट परंपरा नसल्याने ही विद्या लवकर रुजली असावी, असा लेखकाचा तर्क आहे. मला त्यात आणखी एक कारण दिसते. आमचा जिल्हा परीक्षेवर प्रेम करणारा. कोकण विभागीय मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात पहिला असतो, आणि त्याचा अभिमान आम्ही हापूसइतकाच मिरवतो. फी भरा, अभ्यासक्रम पुरा करा, परीक्षकासमोर उभे राहा, प्रमाणपत्र घ्या, हा व्यवहार आमच्या पालकांना समजावून सांगावा लागत नाही.

तोच परीक्षाप्रेमाचा गुण मुलांच्या आड येतो. पाचवी-सहावीत क्लासला आलेले मूल नियमित राहिले तर रेड बेल्टपर्यंत नववीत पोचते. मग दहावी येते. सकाळी ट्यूशन, संध्याकाळी ट्यूशन, आणि क्लास ‘एक वर्षापुरता’ बंद. अकरावीला रत्नागिरी, चिपळूण नाहीतर पुणे. जे चिकाटीने त्याआधीच ब्लॅक बेल्ट करतात, त्यांच्या घरी तो शिक्षणाचा शेवट मानला जातो. झाले की आता, ब्लॅक बेल्ट झाला! प्रमाणपत्र लॅमिनेट होते.

इथे आकडे पाहावेत. कुक्कीवानच्या नियमांप्रमाणे पहिल्या डॅननंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष थांबावे लागते, तिसऱ्यासाठी आणखी दोन, चौथ्यासाठी तीन, पाचव्यासाठी चार, सहाव्यासाठी पाच, सातव्यासाठी सहा, आठव्यासाठी आठ आणि नवव्यासाठी नऊ. बेरीज ३८ वर्षे, तीही एकही वर्ष वाया न घालवता. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला डॅन नव्हे, पूम मिळतो. पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. म्हणजे फोटोतल्या बारा वर्षांच्या ‘ब्लॅक बेल्ट’समोर अजून सगळे आयुष्य पसरलेले आहे. परीक्षेत पूमसे बघतात, क्योरुगी म्हणजे फाईट बघतात, फळी फोडायला लावतात. वरच्या पायऱ्यांवर पूमसे बदलत जातात. कोर्यो, कुमगांग, तेबेक अशी त्यांची नावे मुलांना तोंडपाठ असतात. पण खरा बदल वेगळाच असतो. पहिल्या डॅनपर्यंत तुम्ही काय करू शकता ते तपासले जाते, चौथ्याच्या पुढे तुम्ही कोणाला काय शिकवले ते हळूहळू मोजले जाऊ लागते. गुडघे कुरकुरू लागलेला पंचेचाळिशीचा शिक्षक विशीतल्या मुलासारखी उडी मारणार नाही, मारूही नये. त्याच्याकडून पाहायचे असते ते त्याचे विद्यार्थी.

लेखकाची सर्वांत धारदार पाने या प्रतीक्षेवर आहेत, कारण बाजाराला ती परवडत नाही. क्लास चालवणाऱ्याला महिन्याची फी जेमतेम पुरते. हॉलचे भाडे, मॅट, स्पर्धेचा प्रवास त्यातूनच. दर तीन-चार महिन्यांनी होणारी ग्रेडिंग ही त्याची वरकमाई असते आणि म्हणून कोणी नापास होत नाही. ब्लॅक बेल्टच्या वेळी फी वाढते, ती गावातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला, तिथून परदेशातल्या कार्यालयाला वाटत जाते. यात चोरी आहे असे लेखक म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही. पण पालकाला पावतीवर कोणते पैसे कुठे गेले हे दिसले पाहिजे. त्यात महासंघांची भांडणे. एकाच खेळाच्या दोन-दोन, तीन-तीन राष्ट्रीय संघटना, कोणाला मान्यता आहे आणि कोणाची गेली यावर कोर्टकज्जे. या गोंधळात स्वतःची ‘स्टाइल’ काढून स्वतःलाच वरचा डॅन देणारेही निघतात. कोदोकानने दहावा डॅन आजवर मोजक्याच लोकांना दिला आहे, एवढे लक्षात ठेवले तर अशा व्हिजिटिंग कार्डांकडे कसे पाहायचे ते कळेल.

प्रमाणपत्राच्या उपयोगाबाबतही पुष्कळ गैरसमज आहेत. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण दोन्ही ठिकाणी स्पर्धेतली कामगिरी विचारात घेतात. ब्लॅक बेल्टचा कागद तिथे चालत नाही. खेळाडू आरक्षणासाठी बनावट प्रमाणपत्रे दिल्याची प्रकरणे राज्यात गाजल्यापासून तपासणीही कडक झाली आहे. उलट तायक्वांदोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे तर डॅनचे प्रमाणपत्र लागतेच. कराटेची गत आणखी विचित्र. २०२१ साली झालेल्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये तो एकदाच आला, २०२४च्या पॅरिसला नव्हता. पदकाच्या आशेने आलेली मुले ओसरली की क्लासमध्ये कोण उरते, हा प्रश्न कराटे शिकवणाऱ्यांपुढे आज उभा आहे. श्रेणीची परंपरा खेळापेक्षा मोठी आहे की नाही, ते आता कळेल.

मुलींचा भाग मी दोनदा वाचला. केइको फुकुदा (१९१३–२०१३) या कानोंच्या थेट शिष्या, त्यांचे आजोबा कानोंचे जुजुत्सूचे गुरू. १९५३ साली त्यांना पाचवा डॅन मिळाला आणि तिथेच त्या जवळजवळ वीस वर्षे थांबल्या. बाईला पाचव्याच्या वर नेण्याची रीत कोदोकानात नव्हती. सहावा मिळाला १९७२ मध्ये, नववा २००६ मध्ये, आणि दहावा २०११ साली अमेरिकेतल्या ज्यूदो संघटनेने दिला, तेव्हा त्यांचे वय ९८. परीक्षा सगळ्यांना दार उघडते असे मी वर म्हटले. ते दार कोणासाठी किती उघडायचे हे आत बसलेले लोकच ठरवतात, हे फुकुदांच्या उदाहरणावरून दिसते. आमच्याकडे क्लासमध्ये मुली मुलांच्या बरोबरीने, कधी जास्तच असतात. समग्र शिक्षा अभियानातून सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिन्यांचे स्वसंरक्षण प्रशिक्षण मिळते, त्यासाठी शाळांना शिकवणाऱ्या बायका हव्या असतात. पण सेकंड-थर्ड डॅनच्या परीक्षक-टेबलामागे बसलेल्या स्त्रिया जिल्ह्यात किती दिसतात, ते ज्याने-त्याने आपल्या गावात पाहावे. तीन महिन्यांत स्वसंरक्षण येते असे लेखक मानत नाहीत. आवाज मोठा करायला आणि पाय न गाळता उभे राहायला तेवढ्यात शिकता येते, आणि ते कमी नाही, असे ते म्हणतात. मला हे पटले.

एका बाबतीत मात्र आमचे जमले नाही. लहान मुलांना पूम देऊच नये, पंधरानंतर सरळ डॅन द्यावा, असे त्यांचे मत आहे. कारणे वजनदार आहेत: दहा वर्षांच्या मुलाला काळ्या रंगाची चटक लागली की पंधराव्या वर्षी मिळवायला काही उरत नाही. पण ज्या गावात मुलाच्या अंगात शिस्त येण्यासाठी शाळेबाहेर दुसरी जागाच नाही, तिथे त्या अर्ध्या काळ्या पट्ट्याच्या ओढीने ते चार वर्षे संध्याकाळी मोबाइल सोडून येते, याची किंमत मी कमी धरणार नाही. वाचकांनी दोन्ही बाजू वाचून आपले ठरवावे.

पुस्तक काय करते ते थोडक्यात सांगतो. हे तंत्राचे पुस्तक नाही; लाथांची आकृती एकही नाही. शाखांचा इतिहास, परीक्षेची आतली रीत, पैशांचा हिशेब, दुखापती, सोडून गेलेल्यांच्या गोष्टी आणि परत आलेल्यांच्याही, असे ते फिरत राहते. सोडून गेलेल्यांची नावे लेखकाने दिलेली नाहीत, हे चांगले केले. भाषा क्लासमधलीच ठेवली आहे. ग्रेडिंग, फाईट, सर, वॉर्मअप हे शब्द बदलून त्यांनी कोणाचे भले केले नसते. काही ठिकाणी ते लांबण लावतात. महासंघांच्या वादांवरचे प्रकरण निम्मे झाले असते तर बरे. पण एक गोष्ट ते कुठेही लपवत नाहीत. ते स्वतः चौथ्या डॅनचे आहेत, पाचव्याची तयारी करत आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या ग्रेडिंगच्या दिवशी आधी स्वतः त्यांच्यासमोर एक पूमसे करून दाखवतात. चुकले तर मुले हसतात. परीक्षा घेणारा स्वतः परीक्षेला बसत राहिला तर बाकीच्या निम्म्या तक्रारी उरणार नाहीत, असे मला हे पुस्तक वाचून वाटते. तालमीत जे काम मैदान करते, ते इथे एवढ्यानेच होऊ शकते.

तेव्हा पालकांना विनंती, मुलाच्या पुढच्या बेल्टचा फॉर्म भरण्याआधी हे पुस्तक वाचा. आणि मग क्लासला जाऊन सरांना, मॅडमना एकदा विचारा की त्यांची स्वतःची पुढची परीक्षा कधी आहे.